कटरे मास्तरांचं हिरवं लुगडं

टमाटर लाल असतो, असं कटरे मास्तरांसमोर म्हणण्याची सालेकसाच्या बाजारात कुणाची हिंमत नव्हती.

"अंधाऱ्या कोठीत ने अन् पाह्य, लाल दिसते का? रंग टमाटरात नाही, उजेडात हाय!"

"मंग उजेड तोलून देऊ का, मास्तर?" भाजीवाली विचारायची.

मास्तरांनीच मला शिकवलं. घराण्यातला पहिला बी.ए. मी झालो आणि त्यांच्याच शाळेत लागलो, तेही त्यांच्याच शब्दामुळे. त्यामुळे त्यांचं विज्ञान ऐकणं हा माझ्या नोकरीचाच भाग होता. स्वराज्य आल्यावरच्या पहिल्या तपासणीत साहेबांनी मुलांना सहज विचारलं, "माझा कोट कोणत्या रंगाचा?" मुलं उत्तर देण्याआधी मास्तर उठले. "काळा हा रंगच नसते, साहेब. तुमचा कोट उजेड गिळून बसला हाय, वापस देत नाही." साहेबांनी शेऱ्यात विज्ञानाबद्दल एक शब्द लिहिला नाही. शिस्तीबद्दल मात्र पानभर लिहिलं.

घरी मात्र हे विज्ञान अडलं होतं. मास्तरांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही, थांबा. भाचीचं लग्न थोडंच थांबणार होतं? काकूंना लग्नात हिरवं लुगडं नेसायचं होतं, पण आता हिरवी लुगडी त्यांना काळी दिसत.

"मले दिसन असं हिरवं आना जी," एवढंच त्या म्हणाल्या.

मास्तर मला घेऊन गोंदियाला गेले. दुकानात त्यांनी खिशातून शाळेच्या नाटकातला पिवळा जिलेटीनचा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि डोळ्यांसमोर धरून एकेक लुगडं उन्हात नेऊन पाहू लागले. नापसंत हिरव्यांचा ढीग झाला. शेठजी माझ्या कानाशी आले. "भैया, मास्टरजी की तबीयत तो ठीक है?"

मी कृतज्ञ विद्यार्थी. लुगड्यांच्या घड्या घालू लागलो.

"हे द्या," मास्तर म्हणाले. लुगडं चक्क आभाळी निळं होतं.

"मास्तर, काकूंनी हिरवं सांगितलं!"

"तुह्या डोळ्यानं पाहनार हाय का थे? तिचा मोतीबिंदू पिवळा हाय. त्याच्यातून पाह्य." त्यांनी कागद माझ्या डोळ्यांवर दाबला. लुगडं हिरवं झालं. माझं बी.ए. तेवढं उघडं पडलं.

घरी काकूंनी ते दाराच्या उजेडात धरलं. मग म्हणाल्या, "धानाच्या पऱ्ह्यासारखं हाय जी, कोवळ्या रोपासारखं." आणि तोंडाला पदर लावला.

लग्नाच्या सकाळी मास्तर कुठे दिसेनात. सापडले ते मांडवामागे. साहेबांपुढेही न वाकलेला हा माणूस आलेल्या एकेका बाईला गाठून हात जोडत होता.

"एक मेहरबानी करा, बाई. तिच्या लुगड्याले निळं म्हनू नका."

"मंग काय म्हनू, मास्तर?"

"हिरवं म्हना ना, माय."