रवानगीबाईंनी दोन दिवसांची रजा सर केली, त्याची हकीकत

थोरामोठ्यांनी गड घेतले, नद्या उतरोन मुलूख जिंकले, त्याचे वृत्त लिहिणारे पुष्कळ जाहले. परंतु नळांच्या सुट्या भागांच्या गोदामात, दुसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या पिंपाशेजारील टेबलावरोन राज्य करणाऱ्या रवानगीबाईंनी दोन दिवसांची रजा कैसी सर केली, हे कोणी लिहिले नाही. सबब जे घडले ते, काही कमी न करिता, आणि वाढविले तर फार थोडे, येथे रुजू केले असे.

प्रथम मुलखाचा मजकूर. काचेच्या खोलीत खासे साहेब विराजमान. त्यांस समस्त कचेरी पाठीमागे बघूसाहेब म्हणे. कारण कोणी कैसाही अर्ज गुदरावा, साहेबांचा हुकूम एकच सुटे, की बघू. आणि मग ते कधी बघत नसत. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यास निळा ट्रे, त्यात गेलेला कागद परत आलेला कोणी पाहिला नव्हता. दुसरा दस्तुर ऐसा की, साहेब मेलची पहिली ओळ वाचीत, आणि शेष मजकूर थोर मनाने लिहिणाऱ्यास माफ करीत.

ऐसियात बाईंच्या मातुश्रींचा उजवा गुडघा फितूर जाहला. डॉक्टरांनी फर्माविले की, गुरुवारी सकाळी आठास शस्त्रक्रिया, आणि घरचे माणूस दोन दिवस उशाशी पाहिजे. बंधुराज परमुलखी, तेथोन ते फोनवर काळजी मात्र भरपूर रवाना करीत. बाईंवाचून दुसरे कोणी नव्हते, आणि वार सोमवार होता.

मग बाईंनी मसलत करोन मेल लिहिला. बाई मोठ्या मर्यादशील. मागणे एकाएकी तोंडावर फेकणे त्यांस असभ्य वाटे. सबब पहिल्या ओळीत माल वेळेवर गेल्याचे शुभवर्तमान, पाचवीत वजनकाट्याने केलेला दगा, अकरावीत गुडघ्याचा पूर्वेतिहास, आणि एकोणिसाव्या ओळीत, दारात अंग चोरोन उभ्या पाहुणीसारखी, रजा. एकूण ओळी बावीस. पाच मिनिटांत साहेबांचा जबाब आला, 'छान. असंच चालू ठेवा.' पहिल्या लढाईत बाईंचा मोड जाहला.

मंगळवारी बाई अर्ज घेवोन स्वतः चालोन गेल्या. साहेबांच्या एका कानास फोन, दुसऱ्या कानात पेनाचे टोपण. बाई इकडचे तिकडचे बोलोन गुडघ्यापाशी येतात न येतात, तोच साहेबांनी 'बघू' हे अस्त्र सोडिले, आणि अर्ज निळ्या ट्रेत गडप जाहला. खरेदीच्या टेबलावरील सोबतीण, जी जिभेने पट्टा चालवी, ती म्हणाली, "त्या ट्रेत माझा दोन वर्षांपूर्वीचा पंख्याचा अर्ज आहे. तुमच्या अर्जाला सांगा, भेटला तर विचारपूस कर म्हणावं."

संध्याकाळी मातुश्रींनी दुखरा पाय स्टुलावर ठेवोन तो मेल समग्र वाचवोन घेतला, आणि ऐसी तोफ डागिली:

"अगं, रजा मागतेस की गोष्ट सांगतेस? लहानपणीही अशीच. गुडघा फोडून घरी आलीस, आणि आधी खेळायला कोण कोण होतं ते सांगत बसलीस!"

"आई, एकदम कसं मागायचं? खेकसतात ते."

"खेकसू दे. माणूस कशाला घाबरून खेकसतो, ते बघ आधी. आणि बघू म्हणाला, तर कधी ते विचार. लाजतेस काय एवढी, व्याही आहेत का ते?"

मग बाईंनी मनातल्या मनात मागील वर्षभराचा खेकसण्याचा आढावा घेतला, तो काय, निम्मे खेकसणे गुरुवारचे निघाले. गुरुवारी तीनास मोठा ट्रक सुटे; दोन वेळा तो अर्धाच भरोन गेला, आणि साहेबांस ती खबर गिऱ्हाइकाच्या तोंडोन कळली होती. बाईंस गनिमाचे मर्म सापडले.

बुधवारी दुपारी बाईंनी घाम गाळोन उद्याचा ट्रक आजच भरविला, आणि साहेबांनी फोन खाली ठेविला ऐसे पाहोन एकच कागद पुढे ठेविला. वर रजा, गुरुवार आणि शुक्रवार. खाली कारण, आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया. त्याखाली, ट्रक भरला आहे, उद्या तीनास खरेदीच्या बाई सोडतील आणि तुम्हांस कळवतील. मग सहीची जागा, आणि मजकूर समाप्त.

साहेब दस्तुराप्रमाणे म्हणाले, "बघू."

बाई ठाण न सोडिता म्हणाल्या, "किती वाजता बघता, साहेब? चारला येऊ की पाचला?"

काचेबाहेर टंकलेखन थांबले. 'कधी' हा सवाल त्या खोलीत पूर्वी कोणी केला नव्हता. साहेबांनी कागद उचलोन, काय सांगावे, शेवटपर्यंत वाचिला.

"ट्रक भरला?"

"भरला. यादी मागे टाचली आहे."

"आणि सुटला की मला कळणार?"

"त्याच मिनिटाला."

"हे मला आधी कोणी सांगतच नाही हो," साहेब म्हणाले. आणि आवाज ऐसा की, निबंध लिहोनही मार्क न मिळालेल्या पोराचा असावा. मग सही जाहली.

बाई मुजरा करोन वळल्या, तो साहेबांनी थांबविले, दार लोटिले, आणि संगणक फिरवोन दाखविला. वरिष्ठ कचेरीकडे गोदामासाठी दोन माणसे मागणारा साहेबांचा मेल, ओळी तीस, मागणे सत्ताविसावीत. खाली वरिष्ठांचा जबाब, 'छान. असंच चालू ठेवा.'

"बाई, जरा नजर टाकता का यावर?"

"बघू," बाई म्हणाल्या, आणि साहेबांचा चेहरा उतरलेला पाहोन पुढे म्हणाल्या, "सोमवारी. अकरा वाजता."

येणेप्रमाणे रजा दिवस दोन फत्ते जाहली. गुरुवारी ट्रक तीनास सुटला, आणि तीन वाजोन एक मिनिटाने साहेबांस कळला. मातुश्रींचा गुडघा नव्याने बहाल होवोन चाकरीस लागला. निळा ट्रे उपसता पंख्याचा अर्ज जिवंत सापडला. सोमवारी अकरास बाई खोलीत गेल्या, आणि साहेबांच्या तीस ओळींपैकी सव्वीस धारातीर्थी पडल्या.