भुवई दिसेपर्यंत

कोणत्याही जिवाला जगायला अन्न, पाणी आणि नाव लागतं. पहिली दोन तो स्वतः मिळवतो. तिसऱ्यासाठी समिती नेमावी लागते.

अशाच एका समितीच्या सचिवबाईंच्या घरामागच्या कोरड्या माळावर मुठीत मावेल एवढा एक मातकट पक्षी शेपूट ताठ करून किडे टिपत असे. माळ सपाट करून तिथे वाहनतळ होणार होता. पक्षी दुर्मीळ वटवट्या ठरला तर काम थांबणार, साधा ठरला तर सोमवारी बुलडोझर. (पक्ष्याला तसं कळवलं नव्हतं, त्याचा पत्ता कार्यालयाकडे नव्हता.)

बाई जीवशास्त्र शिकवत. माळ वाचवा, हा अर्ज त्यांचाच. दोन्ही पक्ष्यांत फरक एकच: दुर्मीळाची फिकट भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. ती फोटोत दिसायला हवी होती. फोटो काढायला बाईंचे दीर आणि निर्णय द्यायला अध्यक्ष, म्हणजे दातांचे डॉक्टर. पहिल्या फोटोत शेपूट दहा टक्के आणि काटे नव्वद टक्के आले.

"वहिनी, झुडूप मध्ये येतंय."

"मग तुम्ही सरका ना, भावजी!"

"सरकलो. तिकडे दुसरं येतंय."

अध्यक्ष म्हणाले, "एक झुडूप काढलं तर काय बिघडतं? दाढ काढली म्हणून माणूस मरतो का?"

बाईंच्या जिवावर आलं. पण पुराव्यावाचून सगळाच माळ जाणार होता, तेव्हा एका झुडपाचा हिशेब त्यांना पटला. पक्षी शेजारच्या झुडपात गेला. हिशेब तिथेही लागू होता. दुपारपर्यंत कोयता बाईंच्याच हातात आला होता.

रविवारी संध्याकाळी उरलेल्या एकुलत्या झुडपावर, चारी बाजूंनी उजेडात, पक्षी बसला. भुवई थेट मागेपर्यंत! टाळ्या पडल्या. पक्षी उडाला तो उडालाच.

अहवाल निर्दोष होता: 'पक्षी दुर्मीळ. दाट काटेरी झुडपांखेरीज राहत नाही.' सोमवारी कार्यालयातले साहेब आले. त्यांनी अहवाल वाचला, माळ पाहिला, झुडपं शोधली आणि सपाटीकरणाचा खर्च वाचवल्याबद्दल समितीचे आभार मानले.

तो फोटो आता वाहनतळाच्या फाटकावर मोठा करून लावला आहे. गाडी लावून उतरणारा प्रत्येक जण हळहळतो आणि फलकाशेजारी उभा राहून स्वतःचा फोटो काढतो. फलकाच्या पायाशी बाईंनी एक काटेरी रोप लावलंय. तुमच्या फोटोत ते नेमकं मध्ये येईल.

तुम्ही काय कराल, ते बाईंना ठाऊक आहे. घरी त्यांनी दुसरं रोप तयार ठेवलंय.