विसाव्याच्या दगडाची लढाई

मुलांनो, सावरून बसा. शेपट्या पोटाशी घ्या, कुणाचा पाय पडायला नको.

कुठल्याशा जंगलात एक जुनं शहर होतं. शहरात एक जुनी पेठ होती आणि पेठेत एक बोळ होता. बोळ इतका आखूड, की या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाचे ‘शतायुषी हो’ म्हणत.

बातमी आली तो मंगळवार होता. साधा, रोजच्यासारखा. साळिंदरमावशी सांडपाण्यावरून घोरपडीशी भांडत होत्या. गेनूबा गाढव चुन्याची गोणी घेऊन बोळात शिरत होता. त्याची बायको हौसाक्का दारात ज्वारी पाखडत होती. तेवढ्यात दरबारचा पोपट कौलावर येऊन बसला.

“ऐका हो ऐका! सिंहमहाराजांच्या कृपेने या बोळाला इतिहास मंजूर झाला आहे.”

भांडण थांबलं.

“इतिहास म्हणजे? नळ देणार का?” मावशींनी विचारलं.

“नळ नाही. इतिहास.”

“मग खोदणार कधी? मागे गटार मंजूर झालं, तेव्हा खड्ड्यात बेडकांची लग्नं लागली.”

“खोदायचं नाही मावशी. नुसतं सांगायचं.”

“इथं सांगण्यासारखं काय आहे रे?” गेनूबा म्हणाला. तो गोणी दगडाला टेकवून दम खात होता.

पोपटाने दगडाकडे पाहिलं.

हा दगड बोळाच्या मध्यावर, भिंतीला लागून होता. गाढवाच्या पाठीइतका उंच, वरून सपाट, घासून गुळगुळीत झालेला. ओझं घेऊन येणारा तिथे ओझं टेकवी. पेठेत कुणी गेलं, तर तिरडीही याच बोळातून नदीवर जाई आणि क्षणभर याच दगडावर टेकवली जाई. खांदेकरी जागा बदलत. पुढचे मागे येत, मागचे पुढे जात. घरचं कुणीतरी दगडाच्या पायथ्याशी एक गोटा ठेवी. थोराचा मोठा, लेकराचा लहान. मग सगळे पुढे निघत. याला विसावा म्हणत.

एवढंच. पण तेवढ्या थांबण्यात वाहणाऱ्याला श्वास घेता येई आणि रडणाऱ्याला डोळे पुसता येत. मुलांनो, हे तुम्हाला आत्ताच कळायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी इतिहासमार्तंड मुंगूसशास्त्री आले. पुष्कळ बोळांना त्यांनी इतिहास दिला होता. ज्या बोळात ते जात, तिथे लढाई झालेलीच असे.

“हे गोटे कसले?” त्यांनी विचारलं.

“विसाव्याचे,” हौसाक्का म्हणाली. “गेलेल्यांचे.”

“तो काळा मोठा दिसतोय ना, तो आमच्या ह्यांचा,” मावशी म्हणाल्या. “मीच ठेवलाय. जिवंतपणी कधी एका जागी बसले नाहीत, म्हटलं आता बसा.”

शास्त्रीबुवा हसले. सौजन्याने.

“बाई, लोकांच्या आठवणी म्हणजे इतिहास नव्हे. हे गोफणीचे गोटे आहेत. इथे महाराजांच्या खापरपणजोबांनी तरसांची फौज अडवली. मोठे गोटे लांबच्या शत्रूसाठी. हे लहान जवळच्यासाठी.”

“लहान लेकरांचे आहेत ते,” हौसाक्का म्हणाली.

“जवळच्यासाठी,” शास्त्रीबुवा म्हणाले आणि पोपटाकडून ते वाक्य पाठ करून घेतलं.

गेनूबाला एक शंका आली. “शास्त्रीबुवा, राग मानू नका. बोळ एवढासा. त्यात सिंह मावला कसा? अन् मावला तर वळला कसा?”

“वळलेच नाहीत!” शास्त्रीबुवा आनंदाने ओरडले. “वळायला जागा असती तरी महाराज मागे फिरले नसते. नव्हती, म्हणून तर फिरलेच नाहीत. लिहून घ्या रे कुणीतरी.”

पहिले काही दिवस बोळ हसला. मग हळूहळू हसू कमी झालं.

कारण इतिहास सगळ्यांच्या वाट्याला थोडाथोडा आला. मावशींच्या पणजीचे काटे भाले म्हणून वापरल्याचं ठरलं. भिंतीवर दोर घेऊन चढून घोरपडीच्या आजीने म्हणे फितुरी उघडकीला आणली. वारसा फेरीला बगळे येऊ लागले. एका पायावर उभे राहून ते “अद्भुत, अद्भुत” म्हणत. बाजारात घोरपडीला लोक वाट देऊ लागले. सांडपाण्याचं भांडण मिटलं. वीरांच्या वंशजांना असलं भांडण शोभत नाही. सांडपाणी मात्र होतं तिथेच होतं.

गेनूबालाही इतिहास मिळाला. त्याच्या पूर्वजांनी गोटे वाहिले होते.

“हे तेवढं खरं असेल,” तो हौसाक्काला म्हणाला. “लढाई खोटी असली तरी ओझं गाढवावरच असणार.”

मग दगडाभोवती पितळी साखळी आली. पाटी आली : ‘ऐतिहासिक पुरावा. टेकू नये.’ पाटी वाचता येत नसलेल्यांसाठी एक रेडा उभा राहिला.

गेनूबा गोणी घेऊन आला आणि सवयीने दगडाकडे वळला.

“पुढं चल,” रेडा म्हणाला.

“दमलोय रे. क्षणभर टेकतो.”

“मी दिवसभर उभा आहे. मी टेकतो का?”

गेनूबा गोणी घेऊन सरळ नदीपर्यंत गेला. रोज जाऊ लागला. घरी आला की पाठ भिंतीला लावून बसे.

“वेगळ्या वाटेनं जात जा,” हौसाक्का म्हणे.

“त्या वाटेला चढ आहे. आता होत नाही.” एकदा तो पुढे म्हणाला, “हौसा, जन्मभर मी तिथं ओझं टेकवलं. एक दिवस मीच ओझं होणार. तेव्हा मला तिथं टेकवा. उचलणाऱ्यांना खांदा बदलू दे. मला ठाऊक आहे, ते मधे थांबायला मिळालं नाही की काय होतं.”

“गप बस. काहीतरीच.”

“टेकवशील ना?”

“टेकवीन,” ती म्हणाली.

पावसाळ्याआधी एका सकाळी गेनूबा उठला नाही.

हौसाक्का रडली, मग उठली आणि अंगणातून एक गोटा निवडला. तांबूस, मध्यम. तो घेऊन ती शास्त्रीबुवांकडे गेली. ते बोळातच होते, बगळ्यांना लढाई दाखवत.

“साखळी थोडा वेळ काढा,” ती म्हणाली. “यांना टेकवायचंय.”

“बाई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो,” शास्त्रीबुवा म्हणाले. समजून घेताना त्यांनी डोळे मिटले. “पण तिरडी टेकवली तर लोक त्याला विसावा समजतील.”

“तो विसावाच आहे.”

“होता. आता लढाई आहे.”

“बरं, टेकवत नाही. हा एक गोटा तरी ठेवू द्या.”

“अरेरे, ते तर मुळीच नको! पुराव्यात भेसळ होईल.”

तिरडी बोळात आली. पुढे दोन बोकड, मागे दोन बैल. दगडाजवळ त्यांची पावलं आपोआप मंदावली. ती पिढ्यान्‌पिढ्या तिथे मंदावत आली होती. रेडा साखळीसमोर आडवा झाला. चौघांनी हौसाक्काकडे पाहिलं. हौसाक्काने मावशींकडे पाहिलं. मावशी बोळात सगळ्यांत वडील. त्यांनी काटे फुलवले असते, तर रेडाही बाजूला झाला असता.

मावशींनी बगळ्यांकडे पाहिलं.

“हौसे, इथं नको गं,” त्या हळूच म्हणाल्या. “पाहुणे बघतायत. लढाईचा बोळ आहे आपला. मर्तिकाचा नाही.”

“मावशी, तो काळा गोटा काकांचा आहे. तुम्हीच ठेवलात.”

मावशींनी काळ्या गोट्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“तो लांबच्या शत्रूसाठीचा आहे,” त्या म्हणाल्या.

तिरडी पुढे गेली. नदीपर्यंत पुढचे पुढेच राहिले आणि मागचे मागेच. एका बोकडाचा खांदा सोलला. मागून पोपटाचा आवाज येत होता, “इथे महाराज क्षणभरही थांबले नाहीत!” बगळे म्हणाले, “अद्भुत.”

बोळाची कीर्ती आता दूरवर गेली आहे. शास्त्रीबुवांना दरबारात आसन मिळालं. शेजारच्या बोळानेही इतिहासासाठी अर्ज केला आहे. तिथे सध्या गोटे गोळा करणं चालू आहे.

तात्पर्य : शहाण्याने इतिहासात आपला वाटा मिळाला की आपली आठवण वेळेवर परत करावी. दमलेल्याने ऐतिहासिक ठिकाणी दमू नये, मरणाऱ्याने तर त्या वाटेला जाऊच नये. आणि तांबूस गोटा हौसाक्काच्या कोनाड्यात आहे. तो ठेवायचा राहिला.