‘नको’ म्हणेपर्यंत

सोलवेगचा प्रबंध विभागाच्या दाराशेजारी खिळा ठोकून टांगला गेला, त्याच दिवशी तिला त्यातली उणीव सापडली. स्वीडनमध्ये प्रबंध असाच, खऱ्या हातोडीने, जाहीर करतात. आणि एकदा ठोकला की त्यातला स्वल्पविरामही बदलता येत नाही. मग तीन आठवड्यांनी चारचौघांसमोर त्याचा बचाव करायचा. परीक्षक म्हणून नॉर्वेतल्या बर्गनहून प्राध्यापक होकोन ब्रेक्के येणार होते.

विषय संगणकांच्या जाळ्याचा होता. एकच भाषण एकाच वेळी अनेक गावांना पोहोचवायचं, तर वाटा कशा ठरवायच्या? सोलवेगची पद्धत आपल्या पंगतीसारखी होती. वाढपी सगळ्यांच्या पानांत वाढत जातो. ज्याला नको त्याने हात आडवा धरायचा. त्या वाटेची फांदी छाटली जाते, हवं असेल तिथल्याच फांद्या उरतात. फक्त, थोड्या वेळाने वाढपी तो ‘नको’ विसरतो आणि जिलबी घेऊन पुन्हा येतो. ब्रेक्केंची पद्धत खाणावळीची: मागेल त्यालाच मिळेल. गेली कित्येक वर्षं ते प्रत्येक परिषदेत एकच वाक्य म्हणत, "न मागता पाठवलेलं कुणालाच नको असतं."

याला प्रबंधात उत्तर नव्हतं. हीच ती उणीव.

गुरुवारी सकाळच्या कॉफीला सोलवेगने ती बोलून दाखवली. कॉफीला सगळ्यांनी खोलीत जमायचं, हा विभागातला सर्वांत कडक नियम. कॉफीबरोबरचे गोड पाव आणण्याची पाळी रोल्फची होती. यंत्रांची व्यवस्था तोच पाहत असे. बचावाचा कार्यक्रम सोलवेगच्याच पद्धतीने उत्तरेकडच्या सगळ्या विद्यापीठांना पाठवायचा, ही कल्पनाही त्याचीच.

"तो ब्रेक्के हा प्रश्न विचारणारच," गुनवोर म्हणाली. ती सोलवेगची मार्गदर्शक. "होकोनशी वाद म्हणजे हेरिंग खाणं. काटे काढता काढता मासा संपतो. चल, मी होकोन. पहिला प्रश्न."

तिने आवाज घोगरा करून एकामागून एक प्रश्न टाकले. सोलवेगने उत्तरं दिली, गुनवोरने ती दुरुस्त केली. शेवटच्या प्रश्नाला दोघी अडल्या.

"पाव खा, सुचेल," रोल्फने टोपली पुढे सरकवली. "मी स्वतः भाजलेत."

गुनवोरने घास घेतला. "दालचिनी?"

"वेलदोडा आहे," सोलवेग म्हणाली.

"वेलदोडा असता तर मला कळला नसता?"

"थांबा, सांगतो," रोल्फ म्हणाला, तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. त्याने तो उचलला.

हेलसिंकीहून कुणीतरी शांतपणे बोलत होतं. "तुमच्याकडून काहीतरी येतंय. आमची लाइन दर थोड्या वेळाने तुंबते. काय आहे म्हणून ऐकून पाहिलं, तर कुणीतरी पाव खातंय."

रोल्फने फोनवर हात धरला. "सकाळी मी इथे मायक्रोफोन तपासला होता."

"बंद केलास ना?" गुनवोरने विचारलं.

"केलाय असं वाटतंय."

"वाटतंय म्हणजे?"

"हे पाहा," रोल्फ फोनमध्ये म्हणाला, "काळजी करू नका. तुमचं यंत्र आपोआप नको म्हणेल."

"म्हणालंय. पुन्हा आलं."

"हो, ते येणार. मग पुन्हा नको म्हणेल."

"माणसानं म्हटलेलं चालत नाही का?" हेलसिंकीने विचारलं.

तो फोन ठेवेपर्यंत दुसरा आला. ओस्लोची संगणकावरची टपाल-व्यवस्था थांबली होती. त्यापाठोपाठ कोपनहेगन: हेलसिंकीशी चाललेलं बोलणं त्यांना ऐकू आलं होतं, आणि त्यांनाही तोच प्रश्न होता. फोन कॉफीच्या खोलीत असल्यामुळे प्रत्येक तक्रार सगळ्यांना पोहोचत होती आणि नवी तक्रार आणत होती.

"कुणी काही बोलू नका," गुनवोर कुजबुजली.

"कुजबुजही जाते," रोल्फ म्हणाला. "मायक्रोफोन चांगला आहे."

तो कपाटं उघडू लागला. गुनवोर टेबलाखाली शिरली. सोलवेगने कोपऱ्यातल्या संगणकाचा पडदा सुरू केला. त्यावर तिच्या पद्धतीने आखलेलं झाड होतं. गावोगावच्या फांद्या छाटल्या जात होत्या, थोड्या वेळाने फुटत होत्या, पुन्हा छाटल्या जात होत्या. अगदी चौथ्या प्रकरणात लिहिल्याप्रमाणे. एक फांदी मात्र छाटली जातच नव्हती. सोलवेगने तिचं टोक पाहिलं.

"सापडला," रोल्फ म्हणाला. मायक्रोफोन पावाच्या टोपलीत, फडक्याखाली होता. त्याने तार उपटली.

"नशीब," गुनवोर गुडघे झाडत उठली. "कुणी सगळं ऐकलं तर नाही ना?"

"ज्यांना नको होतं त्यांनी नाही," सोलवेग म्हणाली आणि तिने पडदा बंद केला.

बचावाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. ब्रेक्के उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी पहिला प्रश्न विचारला. मग दुसरा. मग तिसरा. गुनवोरने विचारलेले, त्याच क्रमाने. पहिल्या रांगेत बसलेली गुनवोर हळूहळू खुर्चीत खाली सरकत गेली. सोलवेगने दुरुस्त केलेली उत्तरं दिली.

"आता हेरिंगचा शेवटचा काटा," ब्रेक्के म्हणाले. गुनवोरने डोळे मिटले. "न मागता पाठवलेलं कुणालाच नको असतं. मग ते सगळीकडे पाठवणारी पद्धत हवीच कशाला?"

"मलाही हा प्रश्न पडला होता," सोलवेग म्हणाली. "गेल्या महिन्यात एका गुरुवारी आमच्याकडून चुकून काहीतरी गेलं. कुणीही मागितलं नव्हतं. सगळ्या गावांनी नको म्हटलं. एका ठिकाणचं यंत्र मात्र एकदाही नको म्हणालं नाही, म्हणजे तिथे कुणीतरी ऐकत बसलं होतं. आपणहून मागायचं त्यांना सुचलंच नसतं. ती फांदी बर्गनला जात होती."

ब्रेक्केंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पद्धतीबद्दल माझं मत बदललेलं नाही," ते म्हणाले. "पण उत्तर मान्य. एक शंका राहते. तार फार लवकर उपटली गेली. ते पाव दालचिनीचे होते की वेलदोड्याचे?"

सोलवेगने मागे बसलेल्या रोल्फकडे पाहिलं.

"वेलदोड्याचे," रोल्फ म्हणाला.

"मला चावण्याच्या आवाजावरून दालचिनीचे वाटले होते," ब्रेक्के म्हणाले आणि त्यांनी कागद मिटले.