बटणाचं रोप

दुसरीच्या वर्गात खिडकीच्या कट्ट्यावर कागदी पेले ओळीने मांडले होते. प्रत्येक पेल्यात माती, मातीत घेवड्याचं एक बी आणि पेल्यावर ज्याचं त्याने काढलेलं चित्र. सगळ्या पेल्यांतून कोंब वर आले होते, एक सोडून. त्या एका पेल्यावर ढगाचं चित्र होतं, म्हणजे तो ढगूबाईचा होता हे वेगळं सांगायला नको.

ढगूबाई हे नाव वर्गानेच ठेवलेलं. ती खिडकीपाशी बसायची आणि पाढे म्हणता म्हणता मध्येच थांबून सांगायची, "बाई, तिकडे दोन चपला होत्या, आता एकच राहिली." दुसऱ्या कुणी बाई असत्या तर त्यांनी डोळे वटारले असते. या बाई खिडकीशी जाऊन आभाळात दुसरी चप्पल शोधू लागत. मग सगळा वर्ग शोधू लागे, आणि तास कधी संपला ते कुणालाच कळत नसे.

त्या शाळेची एक रीत होती. प्रत्येक वर्गाने वर्षभर एकाच गोष्टीवर नजर ठेवायची आणि वर्षाच्या शेवटच्या तासाला, पालक आणि तपासणीचे साहेब यांच्यासमोर, आपण काय शिकलो ते मुलांनीच सांगायचं. बाईंनी मागे स्टुलावर बसायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. गेल्या वर्षी बाईंच्या वर्गाने सावल्या मोजल्या होत्या. अंगणात काठी रोवली, खडूने रेघा ओढल्या, सगळं अगदी शास्त्रशुद्ध. आणि शेवटच्या तासाला एका मुलीने साहेबांना ठणकावून सांगितलं, "सावली सकाळी लांब असते. दुपारी ती दमते, मग पायाशी येऊन बसते." साहेब हसले होते. मुख्याध्यापक हसले नव्हते.

"बाई, या वर्षी मला विज्ञान हवंय," मुख्याध्यापकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच बजावलं होतं. राग आवरायचा असला की ते कोटाचं मधलं बटण पिळत, आणि तेव्हाही त्यांचं पिळणं जोरात चालू होतं. "बी, माती, पाणी, ऊन. बस्स. पोरांनी पुन्हा असलं भलतंसलतं सांगितलं, तर पुढच्या वर्षी तुमच्याकडे वर्ग नाही. वाचनालयात बसायचं आणि पुस्तकांना कव्हरं घालायची."

बाईंना पुस्तकं आवडत. पण पुस्तकं पाढे म्हणताना थांबून चपलेबद्दल सांगत नाहीत, आणि त्याशिवाय दिवस कसा काढायचा हे त्यांना कळेना. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की या वर्षी घेवडा एके घेवडा.

पण ढगूबाईचा पेला काही केल्या हिरवा होईना. ती रोज सकाळी दप्तर न उतरवताच कट्ट्यापाशी जाई, पेल्यात डोकावे आणि काही न बोलता जागेवर बसे. ती रडली असती तर बाईंनी समजूत घातली असती. ती रडत नव्हती, हेच बाईंना सहन होईना. शेवटी एका मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा बघून बाईंनी पर्समधून भिजवून मोड आणलेलं एक बी काढलं, पेल्यातल्या मातीत बोटाने खळगा केला, बी आत सोडलं आणि वर माती सारखी केली. खिडकीच्या काचेत पांढरे ढग सावकाश सरकत होते. आपण फार मोठं पाप केलंय आणि ते आपल्याला फार आवडलंय, असं त्यांना वाटलं.

दोन-तीन दिवसांत ढगाच्या पेल्यातून हिरवी मान वर आली. बाईंनी टाळ्या वाजवल्या, वर्गाने आरडाओरडा केला.

"बघ, आलं की नाही तुझ्या बियाला रोप!" बाई म्हणाल्या.

"बाई, मी बी नव्हतं लावलं," ढगूबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"बी मी चिमणीला दिलं. मी आजोबांच्या शर्टाचं बटण लावलं होतं. त्यांचं एक बटण पडलं, तसलं दुकानात मिळतच नाही. म्हणून दुसरं तोडलं आणि लावलं. झाड आलं की पुष्कळ मिळतील ना?"

 सगळी पोरं एकदम त्या रोपाभोवती गोळा झाली. "बटणाचं रोप! बटणाचं रोप!" बाई तोंड उघडून उभ्या राहिल्या. खरं सांगायला हीच वेळ होती. पण ढगूबाई त्या इवल्या पानांकडे बघत होती, आणि बाईंच्या तोंडून एवढंच निघालं, "पाणी जपून घाल हं."

तिथेच सगळं बिनसलं. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर नवा पेला आला. तो बोळक्याचा होता. बोळकं म्हणजे पुढचे दात पडलेला एक गुटगुटीत मुलगा, आणि त्याने पेल्यात आपला नुकताच पडलेला दात लावला होता.

"नवा दात लवकर येत नाहीये बाई. म्हटलं, झाडच लावू."

आता बटणाला न्याय आणि दाताला अन्याय, असं कसं चालेल? बाईंनी मधल्या सुट्टीत दातावरही एक बी सोडलं. मग कुणी रंगीत खडूचा तुकडा लावला, कुणी गोटी लावली, कुणी हरवलेल्या मोज्याचा जोडीदार लावला. प्रत्येक पेल्यापाशी ते पोर रोज तसंच मुकाट उभं राही, आणि प्रत्येक पेल्याला बाईंचं मन विरघळे. बाईंच्या पर्समध्ये आता भिजवलेल्या घेवड्याची कायमची पुरचुंडी असे. एकदा शिक्षकांच्या बैठकीत वेळापत्रकावर चर्चा चालू असताना पर्सच्या चेनमधून एक हिरवा कोंब बाहेर डोकावला. मुख्याध्यापक त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि कोटाचं बटण पिळत राहिले.

वर्ष पुढे सरकत होतं. दुसरीने घड्याळ शिकून घेतलं, हातच्याची वजाबाकी शिकून घेतली, आपल्याच घरच्या पत्त्यावर पत्र टाकून पोस्टमनची वाट पाहिली. खिडकीला दोऱ्या बांधल्या होत्या, त्यांवरून वेल वर चढले. दुपारचं ऊन पानांतून गाळून वर्गात येई, आणि वह्यांवर हिरवे डाग हलत राहत. मुलं हळू आवाजात कविता म्हणत, बाई डोळे मिटून ऐकत. अशा वेळी त्यांना वाटे, शेवटचा तास कधी येऊच नये.

मग मुख्याध्यापकांची शिट्टी हरवली. कवायतीच्या वेळी त्यांना तोंडाने "फुर्र" करावं लागलं आणि सगळी शाळा खिदळली. शोधत शोधत ते दुसरीच्या वर्गात आले. एका पेल्यातून त्यांच्या शिट्टीची दोरी लोंबत होती.

"हे काय आहे?"

"शिट्टीचं झाड लावलंय, सर," एक मुलगी म्हणाली. "प्रत्येक वर्गाला एक होईल. मग तुम्हाला पळावं लागणार नाही."

"आणि हे?"

"दाताचं रोप, सर," बोळकं अभिमानाने म्हणालं.

मुख्याध्यापकांनी बाईंकडे पाहिलं. त्यांनी इतकं बटण पिळलं, की ते एका दोऱ्यावर लोंबू लागलं. "शेवटचा तास जवळ आलाय, बाई," एवढंच म्हणून त्यांनी शिट्टी मातीसकट खिशात घातली, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती परत पेल्यात ठेवून निघून गेले.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. कबुली द्यायचा धीर होईना, पण पोरांच्या डोक्यातलं खूळ तर काढायला हवं होतं. त्यांनी एक नामी युक्ती काढली. सगळ्या वर्गासमोर एक बटण हातात घेऊन दाखवलं, स्वतःच्या पेल्यात पुरलं आणि पेला टेबलावर ठेवला. "आपण बघू या हं, याचं काय होतं ते." काहीही होणार नव्हतं. मग पोरं स्वतःच म्हणणार होती, की बटण काही उगवत नाही.

त्यानंतर बाई रोज त्या पेल्याकडे डोळे लावून बसू लागल्या. माती काळी होती ती काळीच राहिली. बाई मनात खूश. मुलं शेजारून जाताना पेल्यात डोकावत, मग बाईंच्या चेहऱ्याकडे बघत, मग एकमेकांच्या कानाला लागत.

आणि एका सोमवारी बाई वर्गात आल्या, तर त्यांच्या पेल्यात हिरवा कोंब उभा होता.

बाईंनी पेला उचलून चहूबाजूंनी निरखला. आपण यात बी घातलं नव्हतं. नक्की नव्हतं? त्यांना आपला तंद्री लागणारा स्वभाव माहीत होता, पण इतकी? त्या संध्याकाळी घरी त्या शिवणाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या आणि एकेक बटण उजेडाकडे धरून बघू लागल्या.

"काय गं, काय शोधतेस?" त्यांच्या आईने विचारलं.

"आई, यांना कोंब फुटत असेल का गं?"

आईने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही. वर्ष संपलं की चार दिवस झोप काढ."

शेवटचा तास आला. वर्ग पालकांनी भरला. पहिल्या बाकावर ढगूबाईचे आजोबा बसले होते, शर्टाला दोन ठिकाणी सेफ्टी पिना लावून. साहेब आले, मुख्याध्यापक आले. बाई मागे स्टुलावर बसल्या. रीतीप्रमाणे तोंडाला कुलूप. खिडकीतले वेल त्यांनी एकदा डोळे भरून पाहून घेतले.

बोलायला ढगूबाई उभी राहिली. बाईंनी मनातल्या मनात पुस्तकांची कव्हरं मोजायला घेतली.

"आम्ही वर्षभर पेल्यांत पुष्कळ वस्तू लावल्या," ढगूबाई म्हणाली. "बटण, दात, गोटी, मोजा आणि सरांची शिट्टी. सगळ्यांतून रोप आलं."

मुख्याध्यापकांचा हात कोटाकडे गेला.

"अरे वा! म्हणजे बटणाचं रोप येतं?" साहेबांनी मजेत विचारलं.

"छे! बटणाचं कसं येईल?" ढगूबाईला साहेबांची कीव आली. "सगळ्यांना घेवड्याच्याच शेंगा लागल्या. म्हणून आम्ही तपास केला. एका पेल्यात काहीच लावलं नाही, नुसती माती. त्यातही घेवडा आला."

"तो कसा काय?"

"बाईंनी लावला. मधल्या सुट्टीत. मी बाहेर उभी राहून काचेत ढग बघत होते, पहिल्यांदा लावला तेव्हाच मला काचेत बाई दिसल्या होत्या, पण त्या काय करत होत्या ते शेंगा आल्यावर कळलं."

बाईंनी पदरात तोंड लपवलं. रीतीत पदराबद्दल काही म्हटलेलं नव्हतं.

"मग आम्ही नीट करून बघितलं," बोळकं उठून पुढचं सांगू लागलं. "माती नसली की येत नाही. पाणी नसलं की वाळतं. कपाटात ठेवलं की पिवळं पडतं. आणि बाई आठवडाभर रजेवर होत्या ना, तेव्हा शिट्टीचं आलंच नाही. त्या आल्या, मग आलं."

"म्हणून आम्ही असं शिकलो," ढगूबाईने दम घेतला आणि सगळ्या वर्गाने तिच्याबरोबर एका सुरात म्हटलं, "रोप यायला माती लागते, पाणी लागतं, ऊन लागतं आणि बाई लागतात."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग टेबलावरच्या पेल्याकडे बोट केलं. "आणि हा कुणाचा?"

"तो बाईंचा. त्यात आम्ही लावला. सगळ्यांचं आलं होतं, त्यांचंच एकट्यांचं आलं नव्हतं. नुसत्या बघत बसायच्या बिचाऱ्या."

"अगं, पण तुम्हाला सगळं ठाऊक होतं, तर बाईंना सांगायचं नाही का?"

"त्यांना वाटत होतं आम्हाला माहीत नाही," ढगूबाई म्हणाली. "त्यांना किती मजा येत होती! म्हटलं, राहू दे."

बाई स्टुलावर बसल्या बसल्या रडत होत्या आणि हसतही होत्या, पण अवाक्षर काढलं नव्हतं, हे मुख्याध्यापकांनाही मान्य करावं लागलं असतं. ढगूबाईने आपला पेला उपडा केला, मुळांतून बटण सोडवून पाण्याने धुतलं आणि आजोबांच्या हातात ठेवलं.

"एवढंच पीक?" आजोबा म्हणाले. "मी वर्षभर पिनांवर काढलं की गं!"

तास संपला. पालक शेंगांची एकेक पुडी घेऊन घरी गेले. मुख्याध्यापक दारापाशी घुटमळले. एका हाताने त्यांनी कोट मध्यावर घट्ट धरला होता.

"पोरांनी विज्ञान सांगितलं," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "म्हणजे, बरंचसं. वाचनालयासाठी मी दुसरं कुणी बघतो. ही पोरं तिसरीत जातील, तेव्हा तुम्हीच न्या त्यांना." आणि बाईंनी काही म्हणायच्या आत ते व्हरांड्यातून चालू लागले.

रिकाम्या वर्गात बाई एकट्या उरल्या. ऊन वेलांमधून बाकांवर उतरलं होतं. त्या पेले आवरायला लागल्या, तर ओळीच्या अगदी शेवटी एक पेला नवा होता. त्यावर चित्र नव्हतं. माती नुकतीच ओली केलेली होती, आणि घाईघाईत दाबलेली, म्हणून आतली वस्तू थोडी वर आली होती. बाईंनी बोटाने माती बाजूला सारली. आत कोटाचं मोठं तपकिरी बटण होतं, दोऱ्यासकट.

बाईंनी व्हरांड्यात डोकावून पाहिलं. मग खिडकीच्या काचेतही पाहिलं, कारण या वर्षी त्याही पुष्कळ शिकल्या होत्या. काचेत फक्त ढग होते. बाईंनी पर्स उघडली.