काकांनी शिडी परत केली

"कागद? अगं, खिशात आला समज!" पंपवाले काका फोनवर मुलीला म्हणाले. "बावीस वर्षं कसतोय मी ही जमीन. इथला दगड न् दगड ओळखतो मला!"

दगड ओळखत होते हो, त्याबद्दल वादच नाही. पण मोजणी साहेबांना दगडांची साक्ष चालत नव्हती! सरकारी पडीक जमीन ज्यानं बारा वर्षं राहून कसली, तिचा मालकीचा कागद त्याला द्यायचा, असा नवा नियम निघाला होता. मात्र बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्यांनी सगळ्यांदेखत सांगायला हवं, की हा माणूस इथंच राहतो आणि इथंच राहणार आहे. काकांच्या जमिनीच्या एका बाजूला रस्ता, एका बाजूला ओढा. उरले दोन शेजारी. एक शिंपी आणि दुसऱ्या कोंबडीवाल्या मावशी. आणि या दोघांशी काका दोन वर्षांत दोन वाक्यंसुद्धा धड बोलले नव्हते!

भांडण वगैरे काही नव्हतं. बोलायचं काम काकूंचं होतं, एवढंच. काकू गेल्या आणि काकांच्या घरातून बाहेर जाणारा आवाजच थांबला. दिवसभर ते लोकांचे पंप दुरुस्त करत, संध्याकाळी घरी येऊन आतून कडी लावत. कागद नाही मिळाला तर मुलीकडे तिसऱ्या मजल्यावर जाऊन खिडकीत बसायचं, हे त्यांना मुळीच नको होतं. एकटे असले तरी इथं निदान त्यांचं स्वतःचं एकटेपण होतं.

साक्षीला पाच दिवस उरले होते. काकांनी ठरवलं, आता शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोरून हलायचंच नाही!

पहिल्या दिवशी ते भलामोठा भोपळा काखेत मारून शिंप्याच्या दारात उभे राहिले.

"काय काका, आज इकडे कुठं?"

"सहज!"

शिंप्याच्या हातातली कात्री थांबली. हा माणूस आणि सहज? काका अर्धा तास बसले. हवापाण्याचं बोलले, मशीनचं बोलले, मग बोलायचं संपलं म्हणून पुन्हा हवापाण्याचं बोलले. उठताना शिंप्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला."

दुसऱ्या दिवशी मावशींकडे काय न्यावं? दुसरा भोपळा नव्हता. मग त्यांना आठवलं, काकूंनी कधीकाळी मावशींची शिडी आणली होती. ती खांद्यावर टाकून काका निघाले. मावशी अंगणात दाणे टाकत होत्या, त्या तशाच बघत राहिल्या.

"अहो, राहू द्यायची की! मी तर विसरूनही गेले होते."

"नको, नको. कुणाचं काही आपल्याकडे राहायला नको!"

झालं! भोपळा दिला, माफी मागितली, शिडी परत केली. आता याला आणखी काय पुरावा हवा? संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात झालं, की पंपवाले काका कायमचे मुलीकडे चालले.

तिसऱ्या दिवसापासून काकांच्या घरी माणसांची रीघ लागली! कुणी कपाट उघडून बघितलं. "काका, हे लाकूड कुठलं हो?" काकांनी कपाटाचा जन्मापासूनचा इतिहास सांगितला. कुणी खाटेवर बसून ती हलवून पाहिली. "पाठ दुखतेय का?" काकांनी मायेनं विचारलं आणि उशी दिली! एकानं तर दाराच्या चौकटीला टेप लावला, तेव्हा काकांनी दुसरं टोक धरलं. दोन दिवसांत इतका चहा झाला, की साखरेचा डबा रिकामा! मुलीला ते म्हणाले, "उगाच घाबरत होतो गं. माणसं फार जीव लावतात." फोन ठेवल्यावर त्यांना रडू आलं.

पाचव्या दिवशी मोजणी साहेब आले. टेप लागला, खुणा झाल्या, सगळे बांधावर जमले.

"हे इथं राहतात?" साहेबांनी शिंप्याला विचारलं.

"राहतात की! म्हणजे, आता चाललेत बिचारे. कायमचे. त्यांची खाट मी माझ्यासाठी हेरूनच ठेवलीये."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "जाणाऱ्या माणसाला कागद देता येत नाही."

"कोण चाललंय?" काका किंचाळले. "मी कुठंही चाललेलो नाही!"

"मग शिडी कशाला परत केलीत?" मावशी म्हणाल्या.

काकांचे कान लाल झाले. "साक्षीला माणूस हवं होतं. मला ओळखणारं कुणी उरलंच नव्हतं. एकदम येऊन काय सांगणार, मी इथं राहतो म्हणून?"

शिंप्यानं मान खाली घातली. मग मावशी पुढं झाल्या.

"लिहा साहेब. हे रोज सकाळी सहा वाजता 'मोटर बंद कर गं!' म्हणून बायकोला हाक मारतात. मग थोडं थांबतात आणि स्वतःच येऊन बंद करतात. तिला जाऊन दोन वर्षं झाली. एक दिवस चुकलेला नाही. माझ्या कोंबड्यासुद्धा त्या हाकेवर उठून बसतात!"

"मी हाक मारतो?" काकांनी हळूच विचारलं.

"रोज."

साहेबांनी टोपण काढलं. 'वहिवाट अखंड' एवढं लिहून कागद काकांच्या हातात दिला. लोकांनी "वा, वा!" केलं आणि जरा हिरमुसूनच पांगले. खाट गेली, कपाट गेलं, आता थांबून करायचं काय? बघता बघता बांध रिकामा झाला.

काकांनी कागदाची घडी घातली. रिकाम्या घराकडे एकदा पाहिलं आणि लगबगीनं शिंप्याला गाठलं.

"अहो, ऐका! तसं पुढच्या महिन्यात जावं की काय, असं पुन्हा मनात येतंय. संध्याकाळी येऊन खाट बघून जाता का? फक्त साहेबांना कळू देऊ नका!"