तावडे भाऊजींची दोन दारांची मेमरी

या, असे पुढे येऊन बसा. दारातूनच ‘बरं आहे ना?’ विचारायचं आणि सटकायचं, ही कुठली हो पद्धत तुमची? बसा. वरच्या मजल्यावरच्या तावडे भाऊजींचं सांगते. हा गृहस्थ बायकोशी अबोला धरायचा आणि मग तिच्याशी मशीनमधून बोलायचा!

भाऊजी साकीनाक्याच्या एका गाळ्यात जुन्या मशिनींची कंट्रोल बोर्डं दुरुस्त करायचे. रिटायर होऊन विक्रोळीच्या घरी बसले, पण बोर्डं काही डोक्यातून उतरली नाहीत. सगळं प्रेम एका काळ्या चपट्या चिपवर. गोमेसारखे पाय तिला. मला म्हणाले, “वहिनी, साध्या मेमरीला दार एक. हिला दोन. इकडून एक प्रोसेसर लिहितो, तिकडून दुसरा वाचतो. कोणी कोणासाठी खोळंबत नाही.”

मी म्हटलं, “आणि दोघं एकदम एकाच खणात घुसले तर?”

माझंच चुकलं. पाऊण तास गेला आणि गॅसवरची भाजीही गेली. सार एवढंच, की जो आधी पोचला त्याचं काम होतं आणि दुसऱ्याला चिप सांगते, बिझी आहे, थांब. “ही भांडत नाही, वहिनी.” त्यांच्या घरात न भांडणारी तेवढी ती एकच.

कारण त्यांची बायको मंदा आणि हे, दोघंही मुलखाचे हट्टी. अबोला धरला की आठवडा गेला समजा. मग दूध उतू जातंय हे सांगायचं कोणी? भाऊजींनी डोकं चालवलं. हॉलमध्ये एक डबा, स्वयंपाकघरात एक. दोन्हींवर छोटी स्क्रीन आणि बटणं, मध्ये ती चिप. एकाने निरोप लिहिला की दुसऱ्याच्या डब्यावर लाल दिवा लागायचा. त्याने बटण दाबून वाचलं की दिवा बंद. घर केवढं, तर हाक मारली तर शेजारच्यालाही ऐकू जाईल एवढं!

“अहो, मोबाईलवर मेसेज टाका की,” मी म्हणाले.

“मोबाईलवर उत्तर द्यावं लागतं. इथे नुसतं वाचलं तरी पुरतं.”

मंदाही काही कमी नव्हती. ‘तूप संपलं. तुमच्यामुळे.’ असले निरोप लिहायची. मला म्हणायची, “लग्नात साथ देईन म्हणाले होते. वायर देईन म्हणाले नव्हते.”

मंदा गेली त्याला दीड वर्ष होईल. सकाळी उठली तीच छातीत दुखतंय म्हणत. रिक्षाने हॉस्पिटलात नेली, ती परत आली नाही. तेव्हाही अबोला चालूच होता. आदल्या दिवशी हे म्हणाले होते, “ही आमटी आहे की नळाचं पाणी?” झालं.

तेव्हापासून त्यांच्या स्वयंपाकघरातला लाल दिवा कायम लागलेला. एवढे मोठे तज्ज्ञ, पण घरातला एक दिवा विझवता येईना! एकदा मीच बटणाकडे हात नेला, तर अंगावर ओरडले, “हात लावायचा नाही! ती बाजू तिची आहे.” मी आठ दिवस वर गेले नाही. मलाही अबोला धरता येतो.

गेल्या महिन्यात एका सोमवारी मीटर बदलायला अकरा वाजता बिल्डिंगची लाईट जाणार होती. नोटीस तीन दिवस जिन्यात लावलेली. भाऊजींनी ती वाचली पावणेअकराला. धापा टाकत माझ्या दारात. “वहिनी, दोन पेन्सिल सेल आहेत? लाईट गेली की चिप सगळं विसरते. डब्यातले सेल सांभाळून घेतात, पण आज बघतो तर ते पाझरलेत.”

खालचं दुकान सोमवारी बंद. वायरमनला विनवून झालं होतं. तो म्हणाला, “काका, अख्ख्या बिल्डिंगचं काम तुमच्या एका डब्यासाठी थांबवू?” मी टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून त्यांच्याबरोबर वर गेले. त्यांनी सेल तपासायचं आपलं छोटं मीटर लावून बघितलं. दोन्ही मेलेले. महिनाभर मी तो रिमोट थापट्या मारून चालवत होते ना.

“एवढं काय ठेवलंय त्यात?” मी वैतागून विचारलं.

“त्या सकाळी ती उठायच्या आधी मी लिहून ठेवलं होतं. तिने वाचलंच नाही. बघा ना, दिवा अजून लागलेलाच आहे.”

मी मेलेले सेल ओट्यावर ठेवले आणि घड्याळाकडे बघितलं. 

अकराला चार मिनिटं होती. मी म्हटलं, “भाऊजी, न वाचता पुसून जाण्यापेक्षा वाचून जाऊ दे.”

ते मग म्हणाले, “तुम्ही वाचाल? तिच्या बाजूने?” आणि हॉलमधल्या त्यांच्या डब्यापाशी जाऊन उभे राहिले. मी ओट्याजवळ मंदा उभी राहायची तिथे उभी राहिले आणि बटण दाबलं.

‘आमटी चांगली होती. उगाच बोललो. ऊठ, चहा मी टाकतो.’

दिवा विझला. हॉलमधून आवाज आला, “वाचलं?”

“वाचलं,” मी म्हणाले. मंदाने वर एक टोमणा हाणला असता.

मग पंखा थांबला, स्क्रीन काळी झाली. भाऊजी आत आले, माझ्याकडे न बघता गॅस पेटवला आणि विचारलं, “साखर किती?”

चहा अगदी बेक्कार होता हो. पण पहिल्या घोटालाच मी तोंडावर सांगून टाकलं, “चांगला झालाय.”

आता रोज चारला वरून हाक येते. चहाबरोबर चिपही ऐकावी लागते, आणि एकटीला मला ते झेपत नाही. तेव्हा तुम्ही लवकर या बघू. निम्मा चहा तुम्ही प्या, निम्मी चिप तुम्ही ऐका.